आवाज कुठून येतो

“शेवाळे उद्या सकाळी टेंपो घेऊन येतोय,” हे म्हणाले. “स्टिरिओ घेऊन जाईल.”

मी दहावीच्या गणिताच्या वह्या तपासत होते. लाल पेन हातात तसंच राहिलं.

“दुरुस्तीला का?”

“दुरुस्तीला कशाला? दिला त्याला. कायमचा.”

एवढं बोलून ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या आड गेले.

दोन हजार तीन सालचा डिसेंबर होता. आम्ही तेव्हा कराडला होतो. हे पाटबंधारे खात्यात उपअभियंता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी तिथल्याच एका हायस्कुलात मुख्याध्यापिका. मुलगी मृणाल लग्न होऊन नाशिकला. घरात आम्ही दोघं आणि तो स्टिरिओ. तिसरं माणूस असावं तसाच तो होता. अँप्लिफायर ह्यांनी पुण्याच्या एका निवृत्त साहेबांकडून मागून मागून मिळवला होता. स्पीकरची सागवानी खोकी ओगलेवाडीच्या सुताराकडून तीनदा करून घेतली होती, कारण पहिली दोन ह्यांच्या कानाला पटली नव्हती. दोन स्पीकर आणि वेताची एक खुर्ची, तिन्हींमधलं अंतर टेपनं मोजून फरशीवर खुणा केल्या होत्या. झाडू मारताना खुर्ची चार बोटं सरकली तरी ह्यांना बसल्या बसल्या कळायचं.

“गाणं दोन डब्यांतून येत नाही, हेमा,” असं हे लग्नाच्या नव्या नवलाईत मला समजावून सांगत. “दोन डब्यांच्या मधोमध, जिथं काहीच ठेवलेलं नाही, तिथं गवई येऊन बसतो. इथं बस, म्हणजे दिसेल.”

मला तो कधी दिसला नाही. पण ह्यांना दर रविवारी दिसायचा, एवढं मला माहीत होतं. आणि हाच माणूस आता तो सगळा संसार फुकटात शेवाळ्यांना देऊन टाकत होता.

“मग इथं काय ठेवायचं?” मी विचारलं.

वर्तमानपत्राचं पान उलटलं.

“अहो, मी विचारतेय, इथं काय ठेवायचं?”

“होम थिएटर,” हे म्हणाले. “मुजावरला सांगितलंय. पाच स्पीकर असतात. चोहोबाजूंनी आवाज येतो. पिक्चर बघू आपण.”

पिक्चर! ह्यांना थिएटरात झोप लागते म्हणून आम्ही शेवटचा पिक्चर मृणालच्या जन्माआधी बघितलेला.

शाळेत माझी एकतीस वर्षं गेली. त्यातली निम्मी मुलांना खोटं बोलताना पकडण्यात. खोटं बोलणारं मूल आधी घाईनं उत्तर देतं आणि मग दुसरीकडं बघतं, हे मी दहा हजार वेळा पाहिलं असेल. त्या रात्री जेवताना मी ह्यांच्याकडं नीट बघत होते. हे ताटाकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी शेवाळे आले. वसंतराव शेवाळे म्हणजे ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. मलकापूर फाट्याला त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. ह्या स्टिरिओवर त्यांचा वीस वर्षं डोळा. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. दोन हमालांनी स्पीकर उचलले, तेव्हा हे अंगणात जाऊन जास्वंदीची वाळकी पानं खुडत बसले. आत फिरकलेसुद्धा नाहीत.

शेवाळे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “वैनी, अच्युतचं काही बिनसलंय का?”

“तुम्हीच सांगा. तुमचे मित्र.”

“मला म्हणला, घेऊन जा, मला कंटाळा आला. कंटाळा? अहो, ह्यानं रेकॉर्डप्लेअरची सुई बदलायला मुंबईला माणूस पाठवला होता. मी म्हणलं, एकदा शेवटचं बसून ऐकू दोघं. तर अंगावर आला माझ्या.” त्यांनी अंगणाकडं नजर टाकली. “आणि संध्याकाळचा घाटावर पण येत नाही आता. महिना झाला.”

मी चमकले. कारण हे रोज साडेपाचला ‘घाटावर जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडत आणि साडेसातला परत येत. कृष्णा-कोयनेच्या संगमावर ह्यांचा सात-आठ जणांचा कट्टा होता. रोजच्या रोज तिथल्या गप्पा मला घरी येऊन सांगत. आता आठवून बघितलं, तर महिन्याभरात तिथली एकही गोष्ट मला सांगितली नव्हती.

संशय हा प्रकार असा, की एकदा मनात आला की मागचंही सगळं नव्यानं दिसायला लागतं. दिवाळीच्या सुमारास ह्यांनी पलंगावरची बाजू बदलली होती. अठ्ठावीस वर्षं भिंतीकडं झोपणारा माणूस एके दिवशी म्हणाला, मला खिडकीकडं झोपू दे. मी दिली. मी काही बोलले की ‘हो हो’ म्हणायचे आणि नंतर त्यातलं काही आठवायचं नाही. मृणालचा फोन आला की दोन वाक्यं बोलून माझ्याकडं देऊन टाकायचे. लक्ष इथं नव्हतंच. मग ते कुठं होतं?

दर गुरुवारी ह्यांना कोयनानगरला साइटवर जावं लागत होतं. तसं हे सांगत होते. त्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी परत येऊन हे आंघोळीला गेले असताना मी ह्यांची पिशवी धुवायला काढली. आत डबा, चष्म्याचं घर आणि एक वर्तमानपत्र. त्याच दिवसाचं, आमच्याच वर्तमानपत्राचं. पण आमच्याकडं सातारा आवृत्ती यायची आणि हे होतं कोल्हापूरचं. कोयनानगर एका बाजूला, कोल्हापूर दुसऱ्याच. मी वर्तमानपत्र घडीवर घडी घालून पिशवीत परत ठेवलं. पिशवी धुतली नाही.

सोमवारी फोन आला. दुपारी अडीचला. शनिवारच्या कार्यक्रमाची बदली रजा म्हणून मी घरी होते.

“खटावकर सर आहेत का?” बाईचा आवाज, कोवळा, गोड.

“ऑफिसला आहेत. कोण बोलतंय?”

“मोबाईल लागत नाहीये त्यांचा, म्हणून... त्यांना फक्त सांगाल का, ह्या गुरुवारी नको, शुक्रवारी या म्हणावं. त्याच वेळेला.”

“कोण बोलतंय म्हणून सांगू?”

“पल्लवी म्हणा. ओळखतील ते.”

“आणि कशासाठी यायचंय?”

“ते... सर सांगतील ना तुम्हाला,” म्हणून तिनं फोन ठेवला.

मी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभी होते. संध्याकाळी हे आले. चहा दिला. कप हातात दिल्यावर मी म्हणाले, “पल्लवीचा फोन होता. गुरुवारी नको, शुक्रवारी बोलावलंय.”

ह्यांचा कानापर्यंत चेहरा लाल झाला. “ट्रेनी आहे ऑफिसात. नवीन. साइटचं काम आहे,” घाईनं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

दहा हजार एकावी वेळ.

मंगळवारी मी शाळेतून ह्यांच्या ऑफिसात फोन केला. क्लार्क ओळखीचा होता, त्याची मुलगी आमच्याकडं आठवीत. सहज चौकशी केल्यासारखं दाखवून ट्रेनी मुलींबद्दल विचारलं. “नाही हो बाई, आपल्याकडं कुठली ट्रेनी? असत्या तर चारपाच जणांनी इथं बदली मागून घेतली असती,” म्हणून तो हसला. मीही हसले.

तिथून थेट मुजावरच्या दुकानात गेले. इरफान मुजावर माझा विद्यार्थी, पंधरासोळा वर्षांपूर्वीचा. बसस्टँडच्या मागं त्याचं रेडिओ-टीव्हीचं मोठं दुकान होतं. मला बघताच उठून उभा राहिला.

“बाई, या की. रविवारी येतोय मी बसवायला. आठवणीनं येतो.”

“साहेबांनी पसंत केलं का नीट?”

“पसंत? बाई, महिना झाला, साहेब रोज येतात. त्या आतल्या खोलीत बसतात.” त्यानं काचेचं दार दाखवलं. आत जाड पडदे, एक सोफा, मोठा टीव्ही आणि चारी कोपऱ्यांत स्पीकर. “तास-दीड तास बसतात. एकच डिस्क लावायला सांगतात, ती कंपनीची नमुन्याची असते ना, तीच.”

“एकटेच बसतात?”

“एकटेच.” मग तो जरा अडखळला. “बाई, विचारू नये, पण साहेब बरे आहेत ना? एकदा दार उघडलं तर डोळे पुसत होते. आता त्या डिस्कमध्ये रडण्यासारखं काय आहे? हेलिकॉप्टर आहे, घोडे आहेत.”

मी काहीतरी सर्दीबिर्दीचं बोलून बाहेर पडले. रस्त्यानं चालताना माझ्या मनात सगळं जुळत गेलं. चौपन्न वर्षांच्या बाईच्या मनात जे जुळायचं तेच जुळलं. पन्नाशी उलटलेला माणूस जुनं सगळं वाटून टाकतो, नवं आणतो, कोल्हापूरला जातो, एकटा बसून रडतो, तर त्याचा अर्थ काय? त्याला कुणीतरी भेटलंय. आणि मला सांगायचं धाडस होईना म्हणून तो झुरतोय.

शुक्रवारी मी शाळेतून अर्धी रजा काढली. आयुष्यात पहिल्यांदा कारण लिहिलं ‘वैयक्तिक’. स्टँडवर रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. साडेबाराला हे आले. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. कोल्हापूरची गाडी लागली तसे पुढच्या दारानं चढले आणि खिडकीशी बसले. मी पाऊल उचललं होतं. बसायचंच त्या गाडीत, जे असेल ते डोळ्यांनी बघायचं, असं ठरवून आले होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “नमस्ते बाई! कुठं निघालात?”

आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील होते. हातात उसाच्या रसाचा ग्लास.

“कुठं नाही,” मी म्हणाले.

गाडी हलली. खिडकीत ह्यांचा चेहरा दिसला. परीक्षेला निघालेल्या मुलाचा असावा तसा. मला त्या चेहऱ्याचा फार राग आला.

शनिवारभर मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलले. मनाशी ठरवून टाकलं होतं: रविवारी मुजावर येऊन जाऊ दे. सगळे गेले की समोर बसवायचं आणि विचारायचं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. ‘कोण आहे ती, एवढंच सांगा. बाकी मी माझं बघते.’

रविवारी नवाच्या सुमाराला मुजावर आला. खोकी उघडली, थर्माकोल घरभर झाला. बारीक, काळे, चकचकीत स्पीकर. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन, टीव्हीवर मधोमध एक आणि सोफ्याच्या मागं भिंतीवर दोन. शिवाय घुमाऱ्यासाठी जमिनीवर ठेवायचा एक मोठा डबा. वायरी फरशीच्या कडेनं पट्टीत नीट बसवल्या. साडेदहाला शेवाळे पण आले, बघायला. जिथं वेताची खुर्ची असायची तिथं सोफा आलेला पाहून ते फरशीवरच्या खुणांकडं बघत राहिले.

“आता टेस्ट टोन लावतो,” मुजावर म्हणाला. “एकेका स्पीकरमधून नुसता सूंऽऽ असा आवाज येतो, वारा सुटल्यासारखा. समोरचा डावा, मधला, समोरचा उजवा, मग मागचे दोन. गिऱ्हाइकाला आम्ही एक गंमत करायला सांगतो. साहेब, बसा सोफ्यावर. डोळे मिटा. जिकडून आवाज येईल तिकडं बोट करायचं.”

“कशाला ते?” हे म्हणाले. “सरळ डिस्क लाव.”

“अरे बस की!” शेवाळे म्हणाले. “तुझ्यासारखा कान कराडात आहे का कुणाचा? पाचपैकी पाच.”

हे बसले. दुसरा उपायच नव्हता. डोळे मिटले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

सूंऽऽ. समोरच्या डाव्या स्पीकरमधून आवाज आला. स्पष्ट. ह्यांचं बोट उचललं गेलं, क्षणभर हवेत राहिलं आणि उजवीकडं वळलं.

शेवाळे हसले. “डावं-उजवं विसरला म्हातारा.”

मधल्यातून आवाज आला. बोट उजवीकडंच. समोरचा उजवा. उजवीकडं, बरोबर. मागचा उजवा. बोट पुन्हा उजवीकडं, पण समोर. मग मागच्या डाव्यातून आवाज सुरू झाला. माझ्या अगदी जवळ होता तो, दाराच्या पलीकडं. ह्यांनी मान जरा हलवली, इकडून तिकडं. बोट वर केलं, खाली घेतलं, पुन्हा वर केलं आणि उजवीकडं दाखवलं.

“चेष्टा करतोयस का काय अच्युत?” शेवाळे म्हणाले. आता ते हसत नव्हते.

“थांबा, वायरी उलट्या जोडल्या काय मी?” मुजावर गोंधळला. त्यानं मागं वाकून बघितलं. “नाही हो, बरोबर आहेत. साहेब, पुन्हा एकदा करू.”

हे डोळे मिटूनच बसलेले. फळ्यासमोर उभं राहून न येणारं गणित सोडवणारी मुलं मी जन्मभर बघितली. उत्तर येत नसतं, पण खडू खाली ठेवायचा धीरही होत नाही. मग ती काहीतरी आकडा ठोकून देतात आणि बाई काय म्हणतात त्याची वाट बघत पाठमोरी उभी राहतात. ह्यांची बसण्याची तऱ्हा तंतोतंत तीच होती.

चेष्टा नव्हती. ह्या माणसाला डावीकडचं काही ऐकूच येत नव्हतं.

जुळवून ठेवलेले माझे सगळे शब्द कुठल्या कुठं गेले.

“इरफान,” मी पुढं होऊन म्हणाले, “वायरी उलट्याच आहेत. मलाही उजवीकडूनच ऐकू आलं.”

“अहो वैनी, मला तर चक्क—”

“तुम्ही बाहेरच्या दाराशी उभे आहात, भावजी. तिथं आवाज घुमतो. या बघू आत, माझा तेवढा चहाचा डबा उतरवून द्या वरून.”

मुजावर माझ्याकडं बघत राहिला. त्याला गणितात मी दोनदा नापास केलं होतं, तेव्हासुद्धा मी खोटं बोलेन असं त्याला वाटलं नसेल. मग त्यानं सोफ्याकडं बघितलं. आतल्या खोलीतलं ते रोजचं बसणं त्यालाही आठवलं असावं.

“हां बाई,” तो सावकाश म्हणाला. “माझीच चूक. साहेब, सॉरी हं. घाईत उलटसुलट झालं.” तो यंत्रामागं जाऊन गुडघ्यांवर बसला, उगीच दोन-तीन वेळा खटखट केलं, एकही वायर न हलवता उठला आणि म्हणाला, “झालं. आता ओके. टेस्ट टोन परत नको, चांगला नसतो तो स्पीकरला.”

ह्यांनी डोळे उघडले ते सरळ माझ्याकडं बघत. मी शेवाळ्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेले.

चहा झाला. शेवाळे नेहमीपेक्षा लवकर उठले. मुजावरनं रिमोट समजावून सांगितला आणि तोही गेला. फाटकाची कडी वाजली. मी येऊन सोफ्यावर ह्यांच्या उजव्या बाजूला बसले.

“कधीपासून?”

ह्यांनी डावा कान चोळला. मग म्हणाले, “दसऱ्यानंतर. सकाळी उठलो तर डाव्या कानात दडा बसलेला. वाटलं मळ असेल, पाणी गेलं असेल. तीन आठवडे तसेच काढले. मग कोल्हापूरला गेलो. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात यायचं. आता गोळ्यांचा उपयोग झाला तर झाला.”

“झाला?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“आणि पल्लवी?”

“कान तपासते ती. काचेच्या खोलीत बसवते, हेडफोन लावते, हातात एक बटण देते. आवाज आला की दाबायचं. उजव्याला दाबतो. डाव्याची पाळी आली की ती काचेतून माझ्याकडं बघत राहते आणि मी तिच्याकडं.” हे किंचित हसले. “मृणालच्या वयाची आहे. घरी सांगू नको असं मीच तिला सांगितलं होतं. परवा म्हणाली, काका, आता परत यायची गरज नाही.”

“मला वाटलं, बाहेर काहीतरी आहे तुमचं.”

“काय आहे?”

“बाई.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. दोन महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. “छप्पन्नाव्या वर्षी? ह्या पोटाला घेऊन?” हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. मग मी विचारलं, जे विचारायला नको होतं.

“पण मला का नाही सांगितलंत?”

ह्यांचं हसू हळूहळू विरलं. रिमोट हातात घेऊन त्याची बटणं बघत राहिले.

“नानांशी तू कशी बोलायचीस, आठवतं तुला?”

नाना म्हणजे माझे सासरे. शेवटची नऊ वर्षं आमच्याकडं होते आणि त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं.

“मी काय कमी केलं नानांचं?”

“काही कमी केलं नाहीस. औषधं, पथ्य, सगळं वेळेवर. जेवायला हाक मारायचीस, पहिल्यांदा साधी, दुसऱ्यांदा मोठ्यानं, तिसऱ्यांदा गल्लीला ऐकू जाईल अशी. आणि मग वळून हळूच म्हणायचीस, ‘बहिरं ध्यान.’ त्यांना ऐकू यायचं नाही. मला यायचं.” ह्यांनी रिमोट बाजूला ठेवला. “आणि त्यांनाही कळायचं. तुझ्या तोंडाकडं बघून.”

मी शाळेत हजार माणसांसमोर बोलायची बाई. त्या दिवशी मी सोफ्याच्या उशीचा दोरा ओढत बसले. खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. नऊ वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. आणि नानांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत मला त्याची एकदाही आठवण आली नव्हती.

ह्यांना सांगायला हवं होतं की मला माफ करा. पण माफी मागायची ती ह्यांची नव्हती. आणि ज्यांची होती त्यांच्यापर्यंत ती पोचायची नव्हती.

शेवटी मी म्हणाले, “स्टिरिओ तरी ठेवायचात.”

“कशाला? अगं, त्यातलं एकेक गाणं मला पाठ आहे. तंबोरा कुठं बसलाय, तबला कुठं, खोकला कुणाला आला, सगळं. आता लावलं की अर्धी मैफल उठून गेलेली. काय गेलंय ते नेमकं माहीत असताना ऐकत बसायचं, हे नाही जमलं मला.” त्यांनी समोरच्या काळ्या डब्यांकडं बोट केलं. “हे मी दोन्ही कानांनी कधीच ऐकलेलं नाही. त्यात माझं काय हरवलंय ते मला ठाऊकच नाही. म्हणून आणलं.”

“पण मुजावरच्या दुकानात तरीही रडत होतात.”

“ते सांगितलं का त्यानं?” हे ओशाळले. “एकदोनदा. लोक म्हणतात हेलिकॉप्टर डोक्यावरून फिरतं. मला नुसतं एका जागी घरघरतं. रोज वाटायचं, आज फिरेल.”

दुपारची जेवणं झाली. भांडी तशीच ठेवून मी हॉलमध्ये आले. मुजावरनं ती नमुन्याची डिस्क भेट म्हणून यंत्रावर ठेवली होती. मी ती आत घातली, मला जमेल तसा रिमोट दाबला आणि ह्यांच्या उजव्या बाजूला टेकून बसले.

काळ्या पडद्यावर डोंगर आले. मग घरघर सुरू झाली. हे समोर बघत होते, मान ताठ.

“मागं आहे,” मी म्हणाले. “तुमच्या डाव्या खांद्याच्या मागं. लांब आहे अजून.”

ह्यांनी मान जरा माझ्याकडं कलती केली.

“आता जवळ आलं. दाराशी. आता तुमच्या डोक्यावर... आता समोर चाललं, डावीकडच्या कोपऱ्यात.”

“खिडकीकडं?”

“हो. खिडकीच्या जरा वर.”

ह्यांनी मान तिकडं वळवली आणि बघत राहिले. तिथं भिंत होती. मग पडदा बदलला, धूळ उडाली.

“आता घोडे,” मी म्हणाले.

“कुठून?”

“मागून, दोन्ही बाजूंनी.”

“किती आहेत?”

मी कान देऊन ऐकलं. जन्मात इतकं लक्ष देऊन मी काही ऐकलं नव्हतं.

“पुष्कळ,” मी म्हणाले. “थांबा, मोजून सांगते.”